पाय न वाकवता मावेल अशी गाडी

घाटकोपर पोलीस ठाणे. रविवार, दिनांक २० फेब्रुवारी १९५५.

जबाब देणाराचे नाव : सौ. पद्मजा ताम्हाणे. वय : २९ वर्षे. धंदा : घरकाम, आजारापूर्वी घरी शिवणाचे वर्ग घेत असे. राहणार : तळमजला, पाटणकर वाडी, मुलुंड, जिल्हा ठाणे. सध्या मुक्काम परळ येथील इस्पितळ, बायकांचा वॉर्ड. जबाब देणारीस उठता-बसता येत नसल्याने फौजदारांनी खाटेजवळ येऊन जबाब लिहून घेतला.

विचारल्यावरून मी समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि माझी नणंद शुभा असे तिघे राहतो. पती विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. त्यांचे नाव मी तोंडाने घेत नाही. ते परवापासून तुमच्या कोठडीत आहेत, तेव्हा नाव फौजदारसाहेबांना माहीत आहे. त्यांनी विद्याधर असे लिहून मला दाखवले, ते बरोबर आहे.

गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या खुब्याच्या हाडाला क्षय आहे. याच इस्पितळात मला छातीखालपासून उजव्या पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घातले. कमरेत वाकता येत नाही, बसता येत नाही. पाय थोडा बाहेरच्या अंगाला ठेवून प्लास्टर केले आहे, त्यामुळे कुशीवरही वळता येत नाही. वॉर्डात खाट रिकामी नव्हती म्हणून मला घरी ठेवून पंधरवड्याने तपासायला आणा असे सांगितले होते.

आणायचे कसे, हा प्रश्न होता. एका संस्थेची रुग्णगाडी आहे, पण मुलुंड मुंबईच्या हद्दीबाहेर पडते, तिथे ती येत नाही. टॅक्सीवाल्यांनी मला पाहून नाही म्हटले. जानेवारीत एकदा लाकडाच्या वखारीची लॉरी मिळाली. भांडुपच्या पुढे रस्ता खराब होता. खुब्याशी प्लास्टरला तडा गेला आणि सायनपासून पुढचे मला काही आठवत नाही. त्यानंतर पतींनी लॉरीचे नाव काढले नाही. मला आणायच्या पुढच्या दोन तारखा चुकल्या.

आमच्याकडे एक बेबी ऑस्टिन मोटार आहे. माझे सासरे मुलुंडला डॉक्टर होते, त्यांची ती. ते तिच्यातून रोगी तपासायला जात. गाडी चांगली आहे, परंतु पुढे दोन माणसे आणि मागे एखादी पेटी, एवढीच जागा. तिच्यात मला घालायचे तर पाय खिडकीतून बाहेर काढावा लागला असता. म्हणून ती बदलून मोठी, जुनीच, पण मी आडवी मावेन अशी गाडी घ्यायची असे ठरले. जवळ होते ते म्हणजे ऑस्टिनची जी किंमत येईल ती, पतींना कारखान्यातून मिळालेली उचल आणि माझ्या पाटल्या. यापेक्षा जास्त कुठून आणता येण्यासारखे नव्हते. शुभाने तिच्या लग्नासाठी ठेवलेले पुढे केले होते. ते मी घेऊ दिले नाही.

पतींनी जाड पुठ्ठ्याचे तुकडे जोडून माझ्या मापाचा एक आकार कापला. मला खाटेवर ठेवूनच त्यांनी पेन्सिलने भोवतीने रेघ मारली होती. रोज कामावरून सुटल्यावर तो पुठ्ठा घेऊन ते घाटकोपरच्या गॅरेजांतून हिंडत आणि गाडीची दारे उघडून आत घालून बघत. लोक हसत असावेत. त्यांनी मला तसे सांगितले नाही. ते फक्त गाड्या सांगत. एक करडी चार दारांची गाडी होती, इंजिन उत्तम, आमच्या ऐपतीतली. मी म्हणाले, "मग घ्या की." ते म्हणाले, "तुझे पाय गुडघ्यापासून बाहेर राहतात." दुसरी काळी लांबलचक अमेरिकन गाडी होती, तीही ऐपतीतली. तिची पुढची बैठक काढली की पुठ्ठा आत जाई. पण तिचा तळ कुजलेला होता, पाय ठेवला की खालचा रस्ता दिसे. "वरून पत्रा ठोकून घेऊ," मी म्हणाले. ते म्हणाले, "पद्मा, तुझं वजन प्लास्टरसकट धरायचं आहे. वाटेत खाली गेलीस तर?"

तिसरी गाडी श्री. जयवंत मांजरेकर यांच्या गॅरेजात होती. तीच ही गाडी. लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीतून निघालेली, मागे लांब सपाट जागा, मागचा फाळका खाली पडतो. पुठ्ठा आत सरकवल्यावर डोक्याशी चार बोटे आणि पायाशी वीतभर जागा उरली. त्या रात्री पती जेवताना दोनदा हसले.

तिची किंमत आमच्याजवळ होते त्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

श्री. मांजरेकर यांच्याविरुद्ध मला काही सांगायचे नाही. पती त्यांच्याकडे सारखे जात होते. बाकी हप्त्याने फेडतो म्हणाले, त्यावर त्यांनी, "हप्त्याचा काम माझ्याकडे नाय. गाडी माझी नाय, दुसऱ्याची विकूक ठेवलेली आसा," असे सांगितले. मग पतींनी एका दिवसापुरती भाड्याने मागितली. विकायला ठेवलेली गाडी भाड्याने लावली तर मालकाला काय तोंड दाखवू, असे ते म्हणाले. दहिसरचा एक मांडववाला ती गाडी रविवारी विकत घेऊन जाणार होता. पण बाईमाणूस आत नीट मावते की नाही हे तरी एकदा बघू द्या, असे पतींनी म्हटल्यावर त्यांनी तेवढे कबूल केले. गाडी मुलुंडला न्यायची, मला आत घालून त्यांना दाखवायला घाटकोपरपर्यंत आणायची, आणि परत मुलुंडला सोडायचे. पुढे कुठे न्यायची नाही. हे बोलणे मला माहीत होते. मला पाहून ते हप्त्याला कबूल होतील, अशी पतींना आशा असावी. बदल्यात द्यायची ऑस्टिन त्यांच्याच आवारात ठेवलेली होती.

या सुमारास प्लास्टरच्या आतून वास येऊ लागला होता. ताप उतरत नव्हता. शुभा खोलीत उदबत्ती लावी आणि देवासाठी लावली असे म्हणे.

शुक्रवारी सकाळी पती आणि गॅरेजमधले मिस्त्री धोंडू गाडी घेऊन आले. शेजारच्या वनमालाबाई आणि त्यांच्या घरच्या माणसांनी आपल्या मोरीचे दार बिजागऱ्यांतून काढून दिले. त्यावर मला ठेवून आत सरकवले. मी नीट मावले. वनमालाबाई म्हणाल्या, "बाई गं, तुझ्यासाठीच केलीय जशी." शुभा शाळेत शिकवायला गेली होती, ती बरोबर नव्हती. निघताना आम्ही इस्पितळाचे कागद घेतले नाहीत, कपडे घेतले नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही. फौजदारसाहेबांनी हे मुद्दाम लिहून घ्यावे. परळला जायचे घरून ठरले असते तर मी असे निघाले नसते.

गाडी पती चालवत होते. धोंडू शेजारी बसला होता आणि खड्डा आला की आधीच सांगत होता. आग्रा रोडने भांडुप, विक्रोळी करून आम्ही आलो. मला फक्त गाडीचे छत आणि खिडकीतून झाडांचे शेंडे दिसत होते. लॉरीवर ताडपत्री होती, त्यामुळे तीन महिन्यांत मी झाडे पाहिली नव्हती. धक्के लागले, पण लॉरीसारखे नाही. मी ओरडले नाही.

घाटकोपरला गॅरेजच्या फाटकाशी गाडी थांबली. फाटक आतून लावलेले होते. "साहेब, मी उघडून घेतो," म्हणून धोंडू उतरला. पती वळले नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते. मी विचारले, "आता काय?" ते म्हणाले, "आता मांजरेकर बघतील. मग तुला परत घरी नेऊ." मी विचारले, "मग?" ते म्हणाले, "मग रविवारी दहिसरवाला गाडी नेईल." मी विचारले, "आणि मी?"

त्यांनी कपाळ चाकावर टेकले. इंजिन चालू होते. धोंडू साखळी वाजवत होता आणि आतल्या कोणाला तरी हाका मारत होता.

या पुढचे मी नीट सांगते, कारण पतींनी त्यांच्या जबाबात मी तापाने बेशुद्ध होते आणि मला काहीच कळले नाही असे लिहून दिल्याचे काल शुभाने मला सांगितले. तूही तसेच सांग, असा त्यांचा निरोपही तिने आणला. ते खरे नाही. मी शुद्धीवर होते. मी विचारले, "इथून परळ किती लांब?" ते म्हणाले, "पद्मा, ही गाडी आपली नाही." मी म्हणाले, "मला माहीत आहे. चला." ते तरी हलले नाहीत. मी पुन्हा म्हणाले, "अहो, चला ना. मला मरायचं नाहीये." तेव्हा त्यांनी गाडी मागे घेतली आणि रस्त्याला लावली. धोंडू थोडा पळत आला. त्याने "साहेब, साहेब" अशा हाका मारल्या, शिव्या दिल्या नाहीत.

माझे पती वाण्याने चुकून जास्त दिलेला आणा परत करायला दोनदा दुकानापर्यंत जाणारे आहेत. मी बोलले नसते तर ते फाटकातून आत गेले असते, एवढेच मला म्हणायचे आहे. गाडी नेण्याचा गुन्हा लिहायचा तर त्यात माझे नाव असावे.

पुढे दादरला गर्दीत गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "दुखतंय का?" मी नाही म्हणाले. ते खोटे होते.

इस्पितळात डॉक्टरांनी प्लास्टर करवतीने कापले. आत मोठी जखम होती. ती मी पाहिली नाही, नर्सने तोंडावर टॉवेल धरला. "इतके दिवस काय करत होता?" असे डॉक्टर पतींना मोठ्याने बोलले. आणखी दोन दिवस गेले असते तर आपल्या हातात काही राहिले नसते, असेही डॉक्टर म्हणाले. मला खाट दिली. पती माझ्या उशाशी उभे राहून म्हणाले, "गाडी देऊन येतो. संध्याकाळी येतो." त्यांच्यामागे कोणी पोलीस आलेले नव्हते. ते आपण होऊन गाडी घेऊन घाटकोपरला गेले आणि गॅरेजच्या दारात त्यांना पकडले, असे मला नंतर कळले. संध्याकाळी ते आले नाहीत. मी दाराकडे पाहत होते.

काल दुपारी श्री. मांजरेकर वॉर्डात आले. मी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांनीच नाव सांगितले. टोपी हातात होती. म्हणाले, "मी तक्रार केलंय म्हणान रागावू नको, बाय. गाडी माझी असती तर गोष्ट येगळी. मालक माझ्या मानेवर बसलो असतो." मी रागावले नाही असे सांगितले. गाडी मुद्देमाल म्हणून तुमच्या ठाण्यात अडकली आहे आणि दहिसरवाल्याने दुसरी बघितली, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "धक्को लागलो नाय मा?" मी म्हणाले, "नाही. गाडी चांगली आहे." त्यांना रडू आले असे मला वाटले, पण ते तोंड फिरवून गेले, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. तक्रार मागे घेतो, असे ते म्हणाले नाहीत आणि मी त्यांना तसे सांगितले नाही. उद्या मॅजिस्ट्रेटसमोर विचारले तर पतींनी गाडी स्वतः परत आणली हे सांगेन, एवढे ते बोलले.

उद्या सकाळी माझे ऑपरेशन आहे. सडलेले हाड काढायचे आहे. पाय राहील की नाही, हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणतात. राहिला तरी तो आखूड होईल आणि वाकणार नाही. त्यांना पतीची सही हवी होती. पती कुठे आहेत हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मग सही मी केली आणि शुभाने साक्ष घातली. उद्याच पतींना मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणार आहेत. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी आहेत. त्यांना ऑपरेशनचे आधी कळू द्यायचे की नाही, हे शुभाने मला विचारले आहे. मी अजून ठरवलेले नाही. फौजदारसाहेबांनीही कृपा करून सांगू नये.

गाडीतून आम्ही काही काढले नाही. मोरीचे दार गाडीतच राहिले आहे, ते वनमालाबाईंचे आहे, त्यांना परत मिळावे.

हा जबाब हवालदारांनी मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. त्यात शेवटी, 'कोर्टाने बोलावल्यास मी हजर राहीन' असे होते. कशी हजर राहू, असे मी विचारले. हवालदारांनी ते वाक्य खोडू का म्हणून विचारले. मी म्हणाले, राहू द्या, मी येईन. फक्त मला आडवे आणावे लागेल. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे व खरे आहे. कागद शुभाने पुस्तकावर धरला आणि मी पडल्या पडल्या सही केली, म्हणून ती ओळ सोडून वर गेली आहे.

सही
सौ. पद्मजा विद्याधर ताम्हाणे