ढब्बूचा पट्टा

दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक मुलगी कादंबरी वाचता वाचता मुसमुसत होती आणि तिचे बाबा चुळबुळत होते. इकडे सुजलेला गाल धरून बसलेल्या एका ताईने दाढ विसरून कान टवकारले.

"एवढं काय रडायचं त्यात?"

"कुत्राच गोष्ट सांगतोय, बाबा. मालक त्याला लांब सोडून येतो आणि घरी सांगतो, पळून गेला."

"काहीही लिहितात!"

"आपला ढब्बूही पळूनच गेला ना?"

"किती वेळा सांगू? फाटक उघडं राहिलं."

"पट्टा होता गळ्यात?"

"होता की!"

"मग काल तो पट्टा तुमच्या डिकीत कसा सापडला?"

"हळू बोल. बघ, तुझा नंबर आला."

"येऊ दे. आधी सांगा, गाडीमागे तो कुठपर्यंत धावला?"