माळ्यावरचं गोणपाट

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजाऱ्याकडे बघू नका. जे काम चार माणसांना दिसतं ते आपण नीट करतो. जे दिसतच नाही, ते नीट कोणासाठी करायचं?

ऐका तर. कुडाळच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले तिघे समोर बसलेत! त्या गावात मनोहरपंत साखळकर, निवृत्त पोस्टमास्तर. कौलारू घर, खोल्यांना फळ्यांचं छत, म्हणजे तक्तपोशी, आणि तिच्यावर माळा. पंतांच्या मनात आलं, तक्तपोशीत भोकं पाडून आत बसवायचे ते गोल दिवे लावायचे. शहरात मुलाकडे पाहिले होते ना!

काम दिलं प्रतिभा धुरीला. आयटीआय शिकलेली वायरमन, बोलायला कमी आणि कामाला चोख. तिने बारा दिवे बसवले आणि पंतांना माळ्यावर नेऊन दाखवलं. म्हणाली, प्रत्येक दिव्याची पाठ तापते, तिला भोवती मोकळी हवा लागते. इथे काही ठेवायचं नाही, झाकायचं तर मुळीच नाही. माळ्यावरची नारळाची सोडणं, म्हणजे वाळलेली सालंही तिने एका कोपऱ्यात सारून दिली. पंत हो हो म्हणाले. आपण डॉक्टरांना म्हणतो ना, अगदी तसं.

ती गेली. दुसऱ्या दिवशी भोकाच्या फटीतून पंतांच्या आमटीत पडली एक पाल! पंत माळ्यावर चढले आणि बाराही दिव्यांवर गोणपाट पसरून आले. वर काय आहे, कोण बघतंय!

पंधरा दिवसांनी सत्यनारायण. घर माणसांनी भरलेलं, भर दुपारी सगळे दिवे लावलेले. त्यातला एक दिवा मधेच विझायचा, थोड्या वेळाने आपला आपण लागायचा. पाहुणे म्हणाले, वा पंत, काय डेकोरेशन! पंतांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, असेलही तशी सोय.

कथा तिसऱ्या अध्यायात होती. पूजेला बोलावलेली प्रतिभा दारात आली, वर बघितलं, तर दिवा विझून पुन्हा लागत होता. चप्पल काढली, ती देवाला नमस्कार न करता सरळ मेन स्विचकडे गेली आणि खटकन सगळं बंद केलं. पंखे थांबले, भटजी थांबले. पंत लालबुंद.

"बाय, पूजा चाललीय माझ्या घरी."

"म्हणूनच, काका. तो दिवा जास्त तापला की स्वतःला बंद करून घेतो. मघापासून तुम्हाला तेच सांगतोय तो. शिडी कुठाय?"

ती माळ्यावर गेली. खाली सगळे माना वर करून उभे. ती उतरली तेव्हा हातात गोणपाट होतं. मधोमध वाटीएवढं काळं वर्तुळ, कडेने धूर निघतोय. आणि हातभर अंतरावर काय होतं? ती वाळलेली सोडणं! तक्तपोशीखाली चाळीस माणसं, पाटावर पंतांची चार वर्षांची नात.

पंतांनी गोणपाट हातात घेतलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हे मी घातलं. हिने बजावलं होतं."

सुलभाताई, त्यांची पत्नी, म्हणाल्या, "भटजी, समईवर वाचता येईल ना?" आणि उरलेली पूजा समईच्या उजेडात झाली. पहिला प्रसाद प्रतिभाला. तिने आधी हात धुतले, मग घेतला आणि म्हणाली, "काका, फटींना पत्र्याची पट्टी लावून देते. पाल पडणार नाही."

त्याच आठवड्यात पंतांनी स्वतः माळा झाडला. सोडणं गेली न्हाणीच्या चुलीत. आता कोणी पाहुणा आला की पंत आधी माळा दाखवतात, मग चहा!

तर मंडळी, आपण आपलं घर खालून बघतो. भगवंत बघतो वरून, त्याला आधी माळाच दिसतो. तुमच्या माळ्यावर काय झाकून ठेवलंय? आरती झाल्यावर घरी जा, वर चढा, बघा. आणि ज्यांच्या घरचा दिवा असा आपोआप विझतो नि लागतो, त्यांनी आरतीला थांबू नका. आत्ताच उठा. हा कीर्तन सांगणारा बुवा रागावणार नाही, देवही नाही.