पाणी हललं पाहिजे

...नाही, तुम्हीच सांगा, तीन आठवडे माणसानं निळ्या रंगाकडे बघायचं तरी किती? तुम्हाला सांगतो, आता आंघोळीची बादली भरली तरी मी लाट नीट सरकतेय का ते बघतो. मी पुष्कर, मूळचा साताऱ्याचा, चेन्नईत शोळिंगनल्लूरला गेमच्या कंपनीत आहे. सहा महिने खपून एक लेव्हल केली, इथल्याच वेलचेरी भागात पूर आलाय, हिरोनं गल्लीगल्लीतून औषधं पोचवायची. आमचे विजयेंद्र सर, तंजावरकडचे मराठी, राहतात दहाव्या मजल्यावर, ते म्हणाले, "सूपर आहे पुष्कर. पण पाणी हललं पाहिजे. तीन आठवडे देतो, नाही हललं तर लेव्हल काढून टाकू."

सहा महिने, अहो!

आता हा जुन्या धाटणीचा गेम. त्यात चित्राला रंग नसतो, नंबर असतो, आणि नंबरामागे रंगाची वाटी. वाट्या सोळाच. पाणी हलवायचं म्हणजे चार निळ्या वाट्या गोल फिरवत ठेवायच्या, चित्र जागच्या जागी, रंग तेवढे फिरतात, बघणाऱ्याला वाटतं वाहतंय. सोपं ना? मलाही वाटलं. एडिटरमध्ये 'रंग फिरवा'च्या चौकटीत टिक केली, चालू केलं... पाणी हललं, पण चित्रात गच्चीवर उभ्या केलेल्या मामींची साडीही वाहायला लागली. का? तर काटकसर म्हणून साडी मीच त्या निळ्यात रंगवलेली. साडी बदलली, तर पोलिसाची मिशी वाहतेय. निळी मिशी कोण रंगवतं? मी, चमक हवी म्हणून. मिशी आवरली, तर म्हशीचे डोळे. आईचा फोन, "जेवलास का रे?" मी म्हणतो, "मिशी थांबली, म्हशीचं बघतोय." पण पाणी हललं पाहिजे ना!

शेवटी परवा सगळं जमलं. पाणी वाहतंय, बाकी जग जागच्या जागी. सर खूश. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या रंजनीला बोलावलं. तीही तंजावरच्या मराठी घरातली, पण वेलचेरीत तळमजल्यावर राहते. "बघ, कसं हलतंय."

ती स्क्रीनजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "पुरात आमच्या घरात चार दिवस पाणी होतं, सर. हललंच नाही. हललं असतं तर गेलं नसतं का?"

आम्ही साताऱ्याचे, पाणी म्हणजे नदी आणि नदी वाहतेच, एवढंच आम्हाला ठाऊक. तीन आठवड्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. टेबल शेजारी असून!

सर म्हणाले, "खरंय. थांबव. लेव्हल ठेवू." मी टिक काढली. एक टिक, दोन सेकंद.

संध्याकाळी कामाचा अहवाल भरायचा होता. तीन आठवड्यांत काय केलंत? काय लिहिणार... लिहिलं, पाणी थांबवलं.