साचेवाला सीताराम

मेघना मॅडम : चार टक्केच नक्कल. सॉफ्टवेअरने तर तुझ्या गळ्यात हारच घातलाय, गौतम.

गौतम : मग सही करता ना, मॅडम? आज प्रबंध द्यायचा लास्ट डे आहे. ऑफिस बंद होईल.

मेघना मॅडम : करते की. पेन उघडंच आहे. आधी एवढं सांग, ओवसा म्हणजे काय?

गौतम : काय?

मेघना मॅडम : तुझ्याच प्रबंधात आहे. सीताराम, निवृत्त साचेवाला, भायखळा. ‘सुनेचा पहिला ओवसा म्हणून गावी गेलो, तोवर इकडे मिलच्या गेटला कुलूप.’ हा ओवसा म्हणजे?

गौतम : ते... मिलमधलंच काहीतरी. बोनससारखं.

मेघना मॅडम : अस्सं. आणि सुनेला बोनस द्यायचा कोणी? मिलमालक?

गौतम : त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, मॅडम.

मेघना मॅडम : कोकणात नवी सून गौरीपुढे सुपं भरून ठेवते, त्याला ओवसा म्हणतात. तुझे सीताराम साताऱ्याकडचे, बौद्ध. वरच्याच ओळीत तू लिहिलंयस. त्यांच्या घरात गौरी कधी बसल्या?

गौतम : एखादा शब्द झाला असेल इकडचा तिकडे.

मेघना मॅडम : शब्द कसला, अख्खा माणूस झालाय. हा कोंडीराम आहे, मालवणकडचा, लालबागला राहायचा. अजितने चार वर्षांपूर्वी त्याची मुलाखत घेतली, तेव्हाही गाइड मीच होते. कपाटातली जुनी बाइंड कॉपी मशीनला दिसत नाही, हे तू बरोबर हेरलंस. ती मी वाचलेली असेल, हे मात्र हिशेबात धरायचं राहिलं.

गौतम : ती एक काढतो, मॅडम. आत्ता. बाकी अकरा मुलाखती आहेत ना.

मेघना मॅडम : अकराच्या अकरा तुझ्या?

गौतम : ...आठ.

मेघना मॅडम : मी अजून एकच शब्द विचारलाय हं. विचारत गेले तर आकडा आणखी उतरेल का?

गौतम : नाही. आईशप्पथ, आठ माझ्या. मॅडम, प्लीज. जुलैत रिझल्ट दाखवला नाही तर नोकरी जाते. घरी ऑर्डर आलीये, आईने चाळीत पेढे वाटलेत.

मेघना मॅडम : नोकरी कसली?

गौतम : रिसर्च असिस्टंट.

मेघना मॅडम : वा! म्हणजे तिथेही तुझ्या भरवशावर कोणीतरी लिहिणार. ऐक. हेच द्यायचा हट्ट धरलास तर मला समितीकडे जावं लागेल, आणि मग तुझं नाव जन्मभर त्या फाइलीत. स्वतःहून मागे घेतलंस तर टर्म जाईल, तू राहशील.

गौतम : टर्म गेली की नोकरी गेली.

मेघना मॅडम : गेली.

गौतम : तुमचं काय जातंय? तुम्हाला सोपंय बोलायला.

मेघना मॅडम : सोपं काय होतं सांगू? सही. केली असती आणि चहा प्यायला गेले असते. एक मात्र मला कळत नाही. चोरायचंच होतं, तर नाव सीतारामच का?

गौतम : आजोबा आहेत ते माझे.

मेघना मॅडम : खरे? मिलमध्ये होते?

गौतम : रिंग खात्यात. सूत कातायच्या. रिटायर होईपर्यंत.

मेघना मॅडम : घरात असा माणूस बसलाय, आणि तू अजितच्या दारात?

गौतम : पहिली मुलाखत त्यांचीच घेतली होती. म्हणाले, साचेखात्यात पैसे चांगले, कापड तिथे विणायचं ना. पण आम्हाला घेत नसत. विणताना आडवा धागा नेतो तो धोटा, त्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा बाकीच्यांना चालायचा नाही. एवढंच बोलले आणि टीव्ही लावला. मॅडम, जिथे बघावं तिथे हिरो साचेवालाच. मला वाटलं, एकदा कागदावर तरी...

मेघना मॅडम : कागदावर त्यांना साचा दिलास.

गौतम : हो.

मेघना मॅडम : आणि ज्यांनी दिला नाही, त्यांना सोडून दिलंस. उद्या कोणी वाचलं तर म्हणेल, हा काय, सीताराम होता की साचेखात्यात. मग अडवलं कोणी? बोल, ऑफिस खरंच बंद होईल.

गौतम : मागे घ्यायचा अर्ज कसा लिहायचा?

(त्याच संध्याकाळी, भायखळ्याच्या चाळीतली खोली.)

सीताराम : टीव्ही का घालवलास? बातम्या चालल्या होत्या.

गौतम : आबा, प्रबंध दिला नाही. टर्म गेली. नोकरी पण.

सीताराम : कोणी अडवलं?

गौतम : कोणी नाही. मीच चोरी केली होती. एकाचं लिहिलेलं उचललं आणि तुमच्या नावावर घातलं.

सीताराम : माझ्या? मी काय केलं रे बाबा?

गौतम : तुम्हाला साचेवाला केलं.

सीताराम : मला?

गौतम : हो. चार-चार साचे बघत होता तुम्ही.

सीताराम : आईला सांगितलंस?

गौतम : अजून नाही. आबा, आता पुन्हा लिहायचंय. खरं. धोट्याचं तेवढं नीट सांगाल? रागावलात का?

सीताराम : रागवेन, रात्री जेवल्यावर. आधी बस इथे.

गौतम : बसलो.

सीताराम : बरे चालवत होतो का रे साचे?