बशीतल्या चांदण्या

सोलापुरातल्या एका दवाखान्यात वच्छला आपल्या मुलीला घेऊन बसली होती; स्किझोफ्रेनियामुळे मुलीला कानात नसलेले आवाज ऐकू येत. शेजारच्या बाकावर एक तरुण त्याच्या आईशी बोलत होता.

"आई, माज्या रक्तापास्नं संशोधनवाल्या डॉक्टरांनी मेंदूच्या पेशी वाढवल्यात. काचंच्या बशीत."

"तुजा मेंदू बशीत? आन् जित्ता?"

"नुसत्या पेशी गं. पण जित्त्या हायत. डॉक्टरांनी फोटू दावला, चांदण्यावानी दिसत्यात. नवी औषधं आदी त्यांच्यावर घालून बगत्यात."

"मंजी तुज्या कानातलं आवाज थांबत्याल?"

"इतक्यात न्हाय. औषध गावायला लई वर्सं लागत्याल."

"मग रक्त दिलंस कशाला?"

"ह्या डोक्याचा कुणाला तरी उपेग हुतोय की, आई."

आई त्याच्याजवळ सरकली.

"त्यो फोटू मला बी दाव," ती म्हणाली.

वच्छलानं आपल्या मुलीच्या डोक्यावर अलगद हात ठेवला.