टिनाखालची गार झोप

टिनाखाली थर्माकोल लावाचा, चमकीची शीट लावाची का धानाचं तणस भराचं, हे मले नको विचारू भाऊ. माही माजरीच्या खाणीत रातपाळी, म्हणून झोप दिवसा. खाटेवरच्या टिनाले खालून रोज एकेक बांधून पाह्यलं. तिन्ही सारखेच गार! मंग एक दिवस काहीच नाई बांधलं, तरी गारच!

डोळा उघडला, त लाईन गेलेली. उशाशी आई, उरलेल्या थर्माकोलच्या तुकड्यानं मले वारा घालून राह्यली.

"आई, तू रोजच घालत होती?"

"मंग? रोज दुपारी लाईन जाते, पंखा बंद पडला का तू घामानं भिजते."

"आता कोणतं लावू मंग?"

"जे लवकर बसते ते लाव बापू. माहा हात दुखून राह्यला."