चौकटीच्या आतलं माप

ताई : जरा ताणून धर बारक्या. मध्ये झोळ पडतोय.

धाकटा : धरलंय. एकशे अठराच्या पुढे चार रेघा.

ताई : हे वरचं झालं. आता मधलं घे, मग खालचं.

धाकटा : खिडकी एकच आहे ना ताई? तीनदा कशाला मापायची?

ताई : चौकट दिसते सरळ, असते थोडीच. मागच्या वेळी मी एकदाच मापली, तीही सैल पडलेल्या शिवणकामाच्या टेपनं. चौकटीच्या आत बसणारा गुंडाळीचा पडदा, तो आला दोन्हीकडून बोटभर अरुंद.

धाकटा : हां, फोनवर म्हणाली होतीस. पण बोटभर फटीनं काय बिघडतं? बाहेरून कोण बघतंय?

ताई : बाहेरून कुणीच बघत नाही रे. बाबा आतून बघतात. अंधार पडला की या काचेचा आरसा होतो. त्यात त्यांना एक म्हातारा उभा दिसतो.

धाकटा : म्हणजे ते स्वतःच.

ताई : ते तुला आणि मला कळतं. त्यांना तो ओळखू येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात होतं असं. मोरीतला आरसा काढला, कपाटाच्या आरशावर कागद चिकटवले. खिडकी काय काढून ठेवू? म्हणून पडदा केला, तर फटीतून अर्धाच चेहरा दिसायला लागला. अख्ख्या माणसापेक्षा अर्धा वाईट.

धाकटा : म्हणजे परवा ती काच फुटली, ती...

ताई : मूठ मारली त्यांनी. घरात कोण डोकावतंय म्हणून. हाताला टाके पडले. मी आवरायला मध्ये गेले तर मला असं ढकललं, की कपाटावर जाऊन आपटले.

धाकटा : हे तू मला सांगितलं नाहीस.

ताई : सांगून तू काय करणार होतास? खालचं माप सांग. नवी काच कालच बसवलीय, पुट्टी ओली आहे, हात लावू नकोस.

धाकटा : एकशे सतराच्या पुढे नऊ रेघा.

ताई : बघ, खाली अरुंद आहे. रुंदीला सगळ्यांत कमी धरायचं, नाहीतर पडदा उतरताना अडकतो. उंचीला सगळ्यांत जास्त धरायचं. पडदेवाल्यानं बजावलंय, मापानं करून घेतलेला पडदा ते परत घेत नाहीत.

धाकटा : किती दिवसांत देणार?

ताई : तीनेक आठवडे लागतील म्हणाला.

धाकटा : ताई, त्या स्टुलावरून खाली ये.

ताई : ऐकू येतंय मला इथून.

धाकटा : बाबांसारख्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत जागा झालीय. तळमजल्यावरची खोली, बागेच्या बाजूची. सोमवारी घेऊन या म्हणाले. मी हो म्हणून आलोय.

ताई : मग इतका वेळ टेपचं टोक धरून काय उभा राहिलास?

धाकटा : दारातच तू ते हातात दिलंस. नंतर तोंड उघडवेना.

ताई : मला न विचारता हो म्हणालास.

धाकटा : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

ताई : म्हणालेच असते.

धाकटा : म्हणूनच. मी लांब राहतो, करणारी तू. मी शहाणपण शिकवू नये, कळतं मला. पण त्या दिवशी फोनवर बोलता बोलता तू मध्येच म्हणालीस, "दिवे लावायची वेळ झाली," आणि ठेवून दिलास. तसा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता.

ताई : भीती वाटते मला. ऐकायचंय ना तुला? संध्याकाळ व्हायला लागली की जास्तच. जन्मदात्या बापाची भीती. आणि भीती वाटते याची लाज वाटते, ती वेगळीच. पडदा नीट बसला की सगळं थांबेल, असं मनाशी धरून बसलेय. वेडेपणा असेल. असू दे.

बाबा : कोण आहे तिथे? कुणाशी बोलतेस?

ताई : बाबा, तुम्ही कशाला उठलात? हा बारक्या आलाय. दिवसभर प्रवास करून आलाय.

बाबा : अहो, तुम्हीच ना ते? रोज काचेपलीकडे उभे असता?

धाकटा : नाही बाबा, मी...

ताई : वाद घालू नकोस. वाद घातला की बिथरतात. हो म्हण.

धाकटा : हो. मीच तो.

बाबा : आत आलात ते बरं केलंत. असं टक लावून बघत राहिलात की माणूस घाबरतं. दाढी काय वाढवलीत ही! घरी बघणारं कुणी नाही का?

धाकटा : आहे. बहीण आहे.

बाबा : मग तिचं ऐकत जा. बसा त्या खुर्चीत. आमच्या दुकानाच्या पायरीवरून दाढी न करता कुणी माघारी गेलेलं नाही. पोरी, वाटी आण. साबण आण.

ताई : बारक्या, वस्तरा मी कधीच हलवलाय. नुसता ब्रश देते. पण तू बसूच नकोस. परवाचं सांगितलं ना तुला?

धाकटा : दे ब्रश. बसतो मी.

(ताई वाटीत कोमट पाणी आणते. बाबा साबणावर ब्रश फिरवून फेस काढतात.)

बाबा : मान वर. गाल फुगवा. हं. हनुवटीला खळी आहे की तुमच्या. आमच्या धाकट्याला आहे. अशा ठिकाणी फेस जिरवावा लागतो, घाई करून चालत नाही.

धाकटा : कुठे असतो तुमचा धाकटा?

बाबा : मोठा झाला तो. लहान होता तेव्हा कात्री दिसली की भोकाड पसरायचा. गिऱ्हाईकं हसायची. मग मी असा हात ठेवायचो त्याच्या कपाळावर. ठेवला की गप्प.

ताई : हात अगदी दुकानात फिरायचा तसा फिरतोय त्यांचा.

धाकटा : ताई, बोलू नकोस थोडा वेळ.

बाबा : डोळ्यात गेला का साबण?

धाकटा : जरासा.

बाबा : पुसून घ्या. आणि पुन्हा असे बाहेर उभे राहू नका, गारठा आहे. पोरी, मी जरा टेकतो. यांचं तू बघ.

ताई : आडवे झाले. दिवे लागलेत, पण आज एकदाही काचेकडे पाहिलं नाही त्यांनी.

धाकटा : रोज असं होणार नाही, ताई.

ताई : मला सांगतोस? उद्या तुलाच ढकलतील.

धाकटा : सोमवारचं नको म्हणून कळवतो. जागा जाईल हातची, परत कधी मिळेल देव जाणे. पण पडदा येईपर्यंत मी इथे राहतो. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसेन, तू घराबाहेर पड. कुठेही जा.

ताई : आणि पडदा लावूनही भागलं नाही तर?

धाकटा : तर त्यांना संस्थेत सोडायला दोघं जाऊ. तूही एकटी नाही, मीही एकटा नाही.

ताई : ऊठ, तोंड धू आता. फेस वाळून चाललाय.

धाकटा : असू दे थोडा वेळ.